चढाखाली थांबणारी गाडी

चैत्र लागला की मी खिडक्या लावून घेतो. शेजाऱ्यांना वाटतं, म्हातारा उन्हाला भितो. अकोल्यात इतकी वर्षं काढून उन्हाला भिणारा माणूस मी तरी पाहिला नाही. मी भितो एका वासाला. आमच्या घरामागच्या गल्लीत बैलांच्या खुराकासाठी सुका मोह विकायला एक बाई बसते. वारा तिच्या टोपल्यांवरून आला की तो गोडसर, आंबूस, जड वास थेट माझ्या खाटेपर्यंत येतो, आणि त्या दिवशी मला जेवण जात नाही.

आमच्या घरची म्हणते, "दुधाचा वास घेता, भाजीचा वास घेता, आता वाऱ्याचाबी घेऊन राहिले काय? आपल्या घरात कोण काय लपवून ठेवते तुमच्यापासून, बाप्पा!"

तिचं चुकत नाही. मी संशयी माणूस आहे आणि ते लपवत नाही. गवळ्याच्या दुधात बोट बुडवल्याशिवाय मी भांडं पुढे करत नाही. कलिंगडवाल्यानं स्वतःहून निवडून दिलेलं कलिंगड मी घेत नाही. लेकाचा उगाच कशाला निवडून देईल? कोणी फार गोड बोललं की माझा हात आपोआप खिशाकडे जातो. लग्न ठरवायला आलेल्या माझ्या सासऱ्यांनाही मी विचारलं होतं, की मुलगी इतकी चांगली आहे तर आजवर घरात काहून राहिली? ते वाक्य आमच्या घरची अजून दर पाडव्याला काढते.

हा स्वभाव मला कामाला आला, हेही खरं. वऱ्हाडाचे हुकूम तेव्हा नागपूरहून यायचे, मध्यप्रांताच्या कचेरीतून. परतवाड्याच्या वर, मेळघाटाच्या पायथ्याला एका शेटजींनी सागाच्या जंगलाचा ठेका घेतला होता आणि त्यांना दिवाणजी हवा होता. जंगलात लाकूड पाय फुटून चालतं, असं शेटजी म्हणायचे. कोणावर भरवसा न टाकणारा माणूस पाहिजे, म्हणाले, आणि माझ्याकडे पाहून हसले. मला ती शाबासकी वाटली होती.

लाकडाचा हंगाम दिवाळीनंतर सुरू व्हायचा. जमीन वाळली, नाले उतरले की जंगलातल्या पाड्यांवरचे कोरकू गडी कुऱ्हाडी घेऊन वर चढायचे. आधी सगळी वाहतूक बैलबंड्यांची. एकेका सागाच्या ओंडक्याला दोन-दोन जोड्या लागायच्या. उतारावर बंडी बैलांच्या अंगावर येऊ नये म्हणून गाडीवान मागं झाडाची फांदी बांधायचे, ती फरफटत यायची आणि रस्ताभर धूळ उडायची. आमच्या नद्या काही लाकडं वाहून नेणाऱ्या नव्हेत. पावसाळ्यात माणूस वाहून नेतील आणि माघात त्यात बोटभर पाणी नसेल. तेव्हा बैलाशिवाय गती नव्हती.

मग शेटजींनी इंजिन आणलं. कुठल्या तरी उसाच्या मळ्यात राबून थकलेलं, जुनं, बुटकं. ते तुकड्या-तुकड्यांनी बंड्यांतूनच आलं. म्हणजे ज्यांचं काम ते खाणार होतं त्याच बैलांनी त्याला ओढून आणलं. गाडीवान सगळं समजून होते. त्यांतला एक म्हातारा इंजिनाच्या चाकावर हात फिरवून म्हणाला, "याले चारा नाई लागत, पण हे साऱ्या जंगलाचं सरपण खाईन." ते खरंच होतं. आमच्या इंजिनाला कोळसा नव्हताच. फांद्या, छाट, ओंडक्यांचे बुडखे, जे मिळेल ते त्याच्या पोटात जायचं. रूळ टाकायला खाली आडव्या पट्ट्या लागायच्या, त्याही सागाच्या. जंगल तोडायला रूळ, आणि रुळाखाली पुन्हा जंगल. मला ते तेव्हापासूनच लबाडीचं वाटायचं, पण ही लबाडी नेमकी कोणाची ते बोट ठेवून सांगता येईना.

शेटजींच्या बैठकीत यंत्रं विकणाऱ्या कुण्या साहेबी दुकानाचं एक चित्र टांगलेलं होतं. थंड मुलुखातलं जंगल, घराएवढ्या जाडीचे बुंधे, आणि ते ओढणारं असंच एक काळं इंजिन, बाजूला टोप्या घातलेले लाकूडतोडे हात कमरेवर ठेवून उभे. शेटजी म्हणायचे, साऱ्या दुनियेत आता लाकूड असंच निघतं, बैल गेले. मी त्या चित्राकडे पुष्कळदा बघत राहायचो. त्या टोपीवाल्यांपैकी चोर कोणता असेल, हे ओळखायचा प्रयत्न करायचो. तिथंही एखादा दिवाणजी असेलच की.

आमच्या इंजिनाला सगळे 'काळी' म्हणायचे. तिचं धुराडं वरून रुंद होतं आणि आत लोखंडी जाळी होती, ठिणग्या उडून वाळल्या गवताला आग लागू नये म्हणून. ती जाळी मी आठवड्यातून एकदा स्वतः चढून बघायचो. पुढे रेतीची पेटी होती. चढावर चाक घसरायला लागलं की ड्रायव्हरनं दांडी ओढायची, नळीतून कोरडी रेती रुळावर पडायची आणि चाकाला पकड यायची. नाल्यातून रेती आणून, तव्यावर भाजून, चाळून ती पेटी भरायला दोन बाया होत्या.

काळीचा ड्रायव्हर दत्तूजी. मोर्शीकडचे, माझ्यापेक्षा पाच-सात वर्षांनी मोठे. हाडकुळे, उंच, खांद्यावर कायम एक निळसर दुपट्टा. त्या दुपट्ट्यानं ते घाम पुसायचे, तेलाचे हात पुसायचे आणि येता-जाता काळीच्या पितळी नळ्याही पुसायचे. महानुभाव पंथाचा उपदेश घेतलेले. सकाळी भेटले की 'दंडवत' म्हणायचे, मांस-मच्छीला शिवायचे नाहीत आणि दारूचा तर थेंब नाही. जंगलातल्या कामावर, जिथं संध्याकाळी प्रत्येक झोपडीत मोहाची उतरायची, तिथं हा माणूस पाणी पिऊन हसतमुख राहायचा. तुम्हीच सांगा, मला संशय येणार नाही तर काय होईल?

आता त्या झाडाचं सांगायला पाहिजे. वरच्या माळावर लाकूड भरलं की गाडी उतरत यायची, एक नाला ओलांडायची आणि नाल्यानंतर एक चढ चढायची. चढ फार नव्हता, चालताना माणसाला दमही लागत नसे. पण मागं सागाचे ओंडके भरलेले डबे असले की काळीचा जीव कंठाशी यायचा. त्या चढाच्या मध्यावर एक जुना मोह होता. रूळ सरळ न्यायचे तर तो तोडावा लागत होता. शेटजींनी सांगितलं, तोडा. कोरकू गड्यांनी कुऱ्हाडी खाली ठेवल्या. साग तोडू म्हणाले, धावडा तोडू, मोह नाही तोडणार. शेटजी ओरडले, मी ओरडलो. गडी खाली बसून राहिले. शेवटी रूळच थोडा वाकवून झाडाच्या अगदी अंगाखालून नेला. काळी त्या फांद्यांखालून जायची तेव्हा तिचं धुराडं पानांना लागायचं.

आणि त्या लोकांत मोहाचं झाड कोणाचं ना कोणाचं असतं. जमीन सरकारची, जंगल सरकारचं, ठेका शेटजींचा, पण ते झाड एका घराचं. त्याचं फूल दुसऱ्या घराचा माणूस उचलत नाही, सडलं तरी उचलत नाही. तो चढावरचा मोह सोमतीचा होता. सोमती म्हणजे पन्नाशीची एक कोरकू बाई, एकटी, नवरा गेलेला. मोह वाळवून ती वर्षाचे तीन-चार महिने त्यावर काढायची. हे सगळं मला ठाऊक होतं बरं का. ठाऊक असून उपयोग झाला नाही.

फाल्गुन संपत आला, मोहाची पानं झडली, आणि एका सकाळी खाली लाकूड उतरवायच्या डेपोत गाडी रोजच्यापेक्षा उशिरा आली. दुसऱ्या दिवशीही उशिरा. आठवडाभर मी पाहिलं. मग आगवाल्याला, म्हणजे भट्टीत लाकडं टाकणाऱ्या गड्याला, बाजूला घेऊन विचारलं. तो म्हणाला, "चढाखाली थांबते न गाडी. दत्तूजी थांबवते."

"काहून?"

"थे बाई फुलं येचते, थांबतो आमी."

माझ्या अंगात वीज शिरली. रोज गाडी थांबते, बाई असते, टोपली असते, आणि आजूबाजूला चिटपाखरू नाही! मला पुढचं सगळं लख्ख दिसायला लागलं. फुलांची दारू होते. दारू बाईच्या घरी उतरते. दारूच्या बदल्यात गाडीवरून काहीतरी खाली उतरत असणार, लाकूड तरी नाहीतर आणखी काही. आणि हा 'दंडवत' म्हणणारा माणूस! मला खरं सांगायचं तर राग आला नव्हता. आनंद झाला होता. इतके दिवस एक गाठ सुटत नव्हती, ती सुटली असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या वेळी मी नाल्याच्या काठाला करवंदीच्या जाळीमागं बसलो. मोह टपटपत होता. ज्यांनी तो ऐकला नाही त्यांना कसं सांगू? वारा नसतो, पान हलत नाही, आणि फुलं आपली एकेक करून पडत राहतात, जमिनीवर, दगडावर, रुळावर. पिवळट पांढरी, रसानं टरारलेली. रुळावर पडलेल्या फुलाचा आवाज निराळा येतो. सोमती वाकून ती वेचत होती, आधी रुळावरची, मग बाजूची. काळी आली, चढाखाली थांबली, एकदा बारीक शिटी दिली. दत्तूजी इंजिनावरून उतरले, आणि मी श्वास रोखला. ते वर चालत गेले, दुपट्ट्यानं आधी एक रूळ साफ केला, मग दुसरा साफ केला, सोमतीला काहीतरी बोलले, ती हसली. ते परत आले आणि गाडी चढून गेली.

मी जाळीतून उठलो आणि तिची टोपली पालथी केली. फुलं होती, नुसती फुलं. हातानं चाचपून पाहिली. ती बसून पुन्हा भरायला लागली. कोणाला वाटेल, माझा संशय फिटला. संशय असा फिटत नसतो. आज टोपलीत नाही म्हणजे काल असेल, एवढंच मला कळलं.

त्याच दिवशी डेपोत, सगळ्यांसमोर, मी दत्तूजींना सांगितलं, की गाडी चढाखाली थांबवायची नाही, आणि ती बाई रुळाजवळ दिसता कामा नये.

दत्तूजी म्हणाले, "दिवानजी, थे बाई रूळ साफ करते आपला. मोह चेंदला की चाक जागच्या जागी फिरते. गाडी मांगं येईन."

मी म्हणालो, "काहून? इंजिनाले मोहाची चढते काय?"

डेपोतले सगळे हसले. हमाल हसले, करवतवाले हसले, शेटजी आतल्या बैठकीत होते तेही हसले. दत्तूजीसुद्धा थोडे हसले, लोक हसतात तेव्हा माणूस हसतो तसे. मग दुपट्टा झटकून गेले. माझी थट्टा इतकी रंगली, की संध्याकाळपर्यंत ती वरच्या माळावर पोचली होती.

या थट्टेनं मला किती वर्षं झोपू दिलं नाही, ते आमच्या घरचीला ठाऊक आहे. मी कुठं चार माणसांत कोणाची फिरकी घेतली, चारजण हसले, की मी मधेच गप्प होतो. लोक म्हणतात, म्हातारा लहरी आहे.

सोमती यायची थांबली. तिचं झाड, पण तिला मनाई. आणि दुसरं कोणी त्या फुलांना हात लावणार नाही. चैत्राचे ते दिवस मोहाचे भर बहराचे होते. पहिल्या दोन दिवसांत रेतीची पेटी दुपारच्या आत रिकामी झाली. रेती भाजणाऱ्या बाया कुरकुरायला लागल्या. मी दत्तूजींना विचारलं, "एवढी रेती जाते कुठं?" ते म्हणाले, "चढावर." मी म्हणालो, "दिवसाला एक पेटी. जास्ती मिळणार नाही." नाल्यातली रेती, कोणाच्या बापाची नव्हती, पण मला त्यातही काहीतरी दिसलं. चढ पाहायला मी गेलो नाही असं नाही. गेलो, भर दुपारी गेलो. रूळ कोरडे होते. पहाटे पडलेलं सगळं उन्हानं आणि रेतीनं खाऊन टाकलेलं. झाडाखाली फुलं होती, ती कोणत्या मोहाखाली नसतात? माझी खात्रीच पटली, की माणूस खोटं बोलतो आहे.

पाचव्या दिवशी सकाळी गाडी मागं आली.

मी खालून धावत गेलो तेव्हा शेवटचे दोन डबे नाल्यात आडवे होते, ओंडके रेतीत, आगवाला उडी टाकताना मनगटावर पडला होता आणि हात छातीशी धरून बसला होता. जीव कोणाचा गेला नाही, हे नशीब. काळी नाल्याच्या तोंडाशी वाफ सोडत उभी होती. आणि वास! सगळीकडून मोहाचा वास. चाकांतून, वाफेतून, दत्तूजींच्या धोतरातून, हातांतून. ते गुडघ्यांवर बसून रूळ खरवडत होते, दोन्ही हात कोपरापर्यंत चिकट.

मला कोणी काही सांगायची गरजच उरली नव्हती. मी त्यांना उठवलं. आजवर मी त्यांना 'तुम्ही' म्हणत होतो, त्या दिवशी पहिल्यांदा अरेतुरे केलं.

"तोंड उघड. हा कर."

ते माझ्याकडे पाहत राहिले. भोवती पंधरा-वीस गडी उभे होते.

"हा कर म्हणतो न!"

त्यांनी तोंड उघडलं आणि श्वास सोडला. मी त्यांच्यापेक्षा बुटका, म्हणून टाचा उंच करून वास घेतला. आता एक सांगतो, जे शेटजींना सांगितलं नाही आणि बायकोला फार उशिरा सांगितलं. त्यांच्या तोंडाला वास होता की नव्हता, मला कळलंच नाही. साऱ्या हवेतच तो वास होता. माझ्या सदऱ्याला होता, माझ्या मिशीला होता. पण मी मान हलवली. बघणाऱ्यांना जे समजायचं ते समजलं.

कामावरून कमी केलेल्या माणसाला दाखला द्यायचा असे. दुसरीकडे इंजिनावर जायचं तर तो कागद दाखवावा लागे, त्याशिवाय कोणी उभं करत नसे. दाखला मी लिहायचो, शेटजी सही करायचे. दत्तूजी माझ्यासमोर उभे राहिले. आवाज खालचा होता.

"नोकरी घ्या दिवानजी, माझं काही म्हननं नाई. पन दारूचं लिवू नका. 'चूक झाली' लिवा. 'काम येत नाई' लिवा. माझ्या अंगावर उपदेश हाय."

मी टाक दौतीत बुडवला आणि लिहिलं, की दारू पिऊन गाडी चालवल्यामुळे कमी केले. अक्षर माझं छान होतं. त्यांनी कागदाची घडी केली, दुपट्ट्यात बांधली, आणि 'दंडवत' म्हणून गेले.

आठ दिवसांनी बडनेऱ्याकडून नवा ड्रायव्हर आला. याच्यावर पहिल्यापासून नजर ठेवायची म्हणून मी स्वतः काळीवर चढलो, त्याच्या शेजारी उभा राहिलो. नाला ओलांडला, चढ लागला, आणि मोहाखाली आल्याबरोबर चाकं जागच्या जागी फिरायला लागली. नव्या गड्यानं रेती सोडली, शिव्या दिल्या, वाफ बंद केली. गाडी हातभर मागं सरकली. मी कठड्यावरून वाकून खाली पाहिलं.

रुळावर लगदा होता. पिवळा, फेसाळलेला, बोटभर जाड, आणि त्यावर चाक फिरत होतं. वरून आणखी फुलं पडत होती, निवांत, एकेक. एक माझ्या टोपीवर पडलं.

 मी खाली उतरलो. फावडं मागितलं, ते येईपर्यंत धीर धरवला नाही, हातांनीच खरवडायला लागलो. नवा ड्रायव्हर वरून विचारत होता, की दिवाणजी हे काय करून राहिले.  दोन्ही हात बरबटले. काळीच्या टाकीतल्या पाण्यानं धुतले, रेतीनं घासले, वास जाईना. दुपारी शेटजी डेपोत आले, माझ्याजवळून गेले, थबकले, हुंगून म्हणाले, "क्या बात है दिवाणजी, आज दुपारीच?"

मी म्हणालो, "नाही शेटजी, रुळावरचा मोह साफ केला."

"असं होय," म्हणाले आणि पुढे गेले. बस्. एका शब्दात माझं खरं मानलं. मला कोणी 'हा कर' म्हणालं नाही.

संध्याकाळच्या आत मी सोमतीच्या झोपडीपुढं जाऊन उभा होतो. ती मोह वाळत घालत होती, थोडाच होता. मी म्हणालो, उद्यापासून ये. गाडी थांबेल.

"आधा मोह तं सडला, बाबू," ती म्हणाली. मग हातातला मोह पसरत, "गाडीवाला आला का परत?"

मी नाही म्हणालो. तिनं तोंड फिरवलं. पण दुसऱ्या दिवशी आली. गाडी चढाखाली थांबायला लागली, माझ्याच हुकमानं. काळी पुन्हा एकदाही घसरली नाही.

शेटजींना मी काही सांगितलं नाही. कसं सांगणार होतो? डबे नाल्यात गेले ते माझ्या मनाईनं, रेती संपली ती माझ्या हुकमानं. ते सांगितलं असतं तर दुसरा दाखला माझाच लिहावा लागला असता. मी भ्यालो. दुसरं कारण नाही, आणि जे कारण आहे त्याला मी आता रंग लावत बसणार नाही.

पुढच्या दिवाळीनंतर मात्र मोर्शीला गेलो. संत्र्याच्या बागा पिवळ्या पडत होत्या. विचारत विचारत दत्तूजींच्या मेव्हण्याच्या मळ्यात पोचलो. इंजिनाचा ड्रायव्हर मोट हाकत होता. विहिरीच्या उतरत्या धावेवर बैल खाली न्यायचे, मोट रिकामी झाली की मागं आणायचे, पुन्हा खाली. मला पाहून त्यांनी बैल थांबवले, जवळ आले, आणि दुपट्ट्याचा लोंबता शेव उचलून तोंडापुढं धरला.

"दंडवत, दिवानजी. कसे आले?"

आणि बघा माझं मन! इतकं होऊनसुद्धा पहिला विचार हाच आला, की तोंड काहून झाकतो? घेतली असेल. आताच घेतली असेल.

त्यांची बायको पाणी घेऊन आली होती. तिनं माझी नजर ओळखली असावी. फटकन बोलली, "तुमीच होय का थे? पाहून घ्या मग. गावात कोणीबी बोलता बोलता जवळ येते अन वास घेते. हसतेत मंग. देवळात सुदा तसंच. तवापासून असा बोलते हा मानूस. घरात माह्याशीबी असाच बोलते."

दत्तूजींनी हातानं तिला गप्प केलं. मी सगळं सांगितलं. मोहाचा लगदा, नवा ड्रायव्हर, सोमती पुन्हा येते, गाडी थांबते. तुम्ही खरं बोलत होतात, म्हणालो.  ते ऐकत होते, शेव तसाच.

"काळी बरी हाय न?" त्यांनी विचारलं.

"बरी आहे."

"जाळी साफ करता ना तिची?"

"हो."

 मग ते म्हणाले, "दुसरा दाखला आनला का, दिवानजी?"

मी रिकाम्या हातानं गेलो होतो. शब्द घेऊन गेलो होतो फक्त. "शेटजींची सही लागते," मी म्हणालो.

"हाव," ते म्हणाले. "सही तं लागनच."

ती सही मी कधी मागितली नाही. पुढे दुसऱ्या मोठ्या लढाईत सरकारनं लोखंडासाठी रूळ उखडून नेले, जंगलात मोटार-ट्रक आले, काळी कुठं मोडीत गेली मला ठाऊक नाही. मध्यप्रांतही गेला. चढावरचा मोह असेल. त्याला तोडायला कोणी धजणार नाही.

त्या दिवशी मळ्यातून निघताना त्यांनी माझ्या भाड्याच्या बंडीत पाच-सहा संत्री ठेवली. मी नको म्हणालो, तरी ठेवली. कडेपर्यंत पोचवायला आले, शेव तोंडापुढं धरून 'दंडवत' म्हणाले आणि परत वळले. बंडी थोडी पुढं गेल्यावर मी मागं वळून पाहिलं. दत्तूजी धावेवर उभे होते, बैलांच्या मानेवर हात ठेवून त्यांच्याशी काहीतरी बोलत होते, हसत होते. दुपट्टा खांद्यावर होता.